अष्टमीचा राम

“‘हरवली’ लिहू नकोस,” बोराटेअण्णा म्हणाले. “‘पळवली’ लिही. हरवलेली वस्तू शोधायला घरची माणसं पुरतात. पळवलेल्या वस्तूसाठी सगळं गाव पेपर घेतं.”

“पण अण्णा, ती हरवलीच आहे. बुवांनी स्वतः सांगितलं मला.”

“बुवांनी चोराला बघितलं का?”

“नाही.”

“मग चोर नव्हताच, असं ते कशावरून म्हणतात?”

असा प्रश्न आला की मी सायकल काढायचो. अण्णांच्या ‘सायं-तोफ’मध्ये मी एकटाच वार्ताहर. मुद्रितं मीच तपासायचो, छापून झालेल्या अंकांच्या घड्याही मीच घालायचो. तांबट आळीतल्या एका बोळात पायाने चालवायचं छपाईयंत्र होतं, त्यावर रोज दुपारी चार पानं निघायची. पद्धत अशी, की सकाळी चहा घेता घेता अण्णांना मथळा सुचायचा. तो खडूने फळ्यावर लिहून फळा एस.टी. स्टँडच्या दारात उभा करायचा आणि मग मथळ्याला जुळेल अशी बातमी आणायला मी सायकलवर निघायचो. एकदा ‘विहिरीतून येतो बाईच्या रडण्याचा आवाज?’ असा मथळा फळ्यावर गेला. मी गावातल्या सगळ्या विहिरी हिंडलो, तेव्हा एका विहिरीवरच्या कप्पीला तेल नव्हतं असं निघालं. मी तसं लिहून दिलं. अण्णांनी खाली एक ओळ जोडली, ‘कप्पी नेमकी कुणाच्या आठवणीने रडते?’ त्या दिवशी अंक पुन्हा छापावा लागला. मथळ्यांना इतकी प्रश्नचिन्हं लागायची, की छापखान्यात त्या चिन्हाचे शिशाचे खिळे लवकर झिजायचे.

माणूस वाईट नव्हता. लोकांना संध्याकाळच्या चहाबरोबर तोंडी लावायला काहीतरी लागतं आणि खारी दिवसेंदिवस महाग होते आहे, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान.

आता जी पळवली म्हणायची होती ती वस्तू म्हणजे केशवबुवा तांबवेकरांची कवळी. वरची आणि खालची, दोन्ही.

बुवा आमच्या गावच्या बागेतल्या रामाच्या देवळातले कीर्तनकार. पाडव्यापासून नवमीपर्यंत रोज संध्याकाळी पाचला ते उभे राहायचे आणि मी झांज घेऊन त्यांच्या मागे. लहान असताना आईचं बोट धरून गेलो, बुवांनी माझ्या कपाळाला बुक्का लावून हातात झांज दिली, ती अजून माझ्याकडेच आहे. बुवा कैकेयी झाले की त्यांच्या खांद्यावरचं उपरणं रुसायचं, भरत झाले की तेच उपरणं पायाशी लोळण घ्यायचं. एक म्हातारा, एक उपरणं आणि पायपेटी एवढ्यात सगळी अयोध्या उभी राहायची. मला तर वाटायचं, देवळातली मूर्तीसुद्धा पुढचं काय म्हणून कान देऊन ऐकते आहे.

पण ऐकणारे आटत चालले होते. त्या वर्षी पाडव्याला वाती वळणाऱ्या म्हाताऱ्या होत्या आणि पंख्याखाली पेंगायला येणारे एक निवृत्त तलाठी. देवळाचे अध्यक्ष दाजीसाहेब खांबाला टेकून माणसं मोजत होते, ते मी झांज वाजवता वाजवता बघितलं होतं.

त्या दिवशी कीर्तन संपलं, आरती झाली आणि रिवाजाप्रमाणे बुवांनी रामाचा पाळणा सजवला. जन्म जो सांगणार, गादी त्यानेच घालायची, ही आमच्या देवळाची रीत. मग पुजाऱ्याने वर शेला टाकला, चारी बाजूंनी दोऱ्याने बांधला. नवमीचे बारा वाजेपर्यंत त्या पाळण्याला पुन्हा कुणी हात लावायचा नाही. बाळंतिणीच्या खोलीत डोकवायचं नसतं, म्हणायचे.

बुवा देवळामागच्या खोलीत जेवायला बसले. पानात श्रीखंड होतं, ते सुरळीत गेलं. पुरी पुढे आली, तेव्हा तोंडात दात नाहीत हे कळलं.

आम्ही पायपेटी उलटी केली. निर्माल्याचा ढीग उपसला. बुवांच्या पगडीचे पेचसुद्धा सोडून बघितले. दाजीसाहेब आले, त्यांनी बुवांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, नवी कवळी जिल्ह्याला करून मिळायला महिना जाईल, तोवर जमेल तसं चालवा, पण नवमीचं जन्माचं कीर्तन असं बोबडं चालायचं नाही. त्या दिवशी आपण भावगीतांचा संच बोलावू आणि पुढच्या वर्षीपासून तोच. बुवा उपरण्याची घडी करत बसले. जन्माचं कीर्तन त्यांच्या वडिलांनी केलेलं, आजोबांनी केलेलं.

मी सगळीकडे धावाधाव करत होतो ती त्यासाठी. बातमी छापली तर कुणाला तरी सापडेल, आणून देईल, एवढ्या भोळ्या आशेने मी ती अण्णांपुढे ठेवली. आणि लगेच स्टँडवर फळा लागला, ‘कीर्तनकाराची कवळी पळवली! गावात कवळीचोरांची टोळी?’

गावाने ते मनावर घेतलं.

ज्यांना कवळ्या होत्या त्यांनी त्या कपाटात कुलूपबंद केल्या आणि वरण-भातावर दिवस काढायला सुरुवात केली. निवृत्त हेडमास्तर हेरवाडकर त्यांची कवळी पितळी डब्यात घालून डबा उशाखाली घेऊन झोपू लागले. मास्तरांना मी विचारलं, चोर कवळ्या नेऊन करणार काय? ते म्हणाले, “तेच तर कळत नाहीये ना. म्हणून तर भीती वाटते.”

मग साक्षीदार निघाले. बोळातल्या एका बाईंनी सांगितलं, एक परका माणूस गल्लीतून गेला आणि उगाच हसला, दात फार होते त्याच्या तोंडात. अण्णांनी मथळा दिला, ‘टोळीचा म्होरक्या हसरा?’ झालं. त्या दिवसापासून गावात परका माणूस हसला की लोक थबकून त्याचे दात निरखायचे. उपवर मुलीला बघायला आलेली पाहुणेमंडळी मुलीच्या बापापुढे ओठ मिटून बसली आणि माणसं घुमी दिसतात म्हणून सोयरीक मोडली. अण्णांनी ती बातमीही टोळीच्या खात्यावर मांडली.

या सगळ्यात देऊळ मात्र भरू लागलं.

ज्यांचे दात गेले ते बुवा आहेत तरी कसे, म्हणून लोक आले. आले ते बसले. बुवांचे शब्द तोंडातून निसटायचे, पण भाव निसटत नव्हता. हिरडीवर जीभ घासत ते राम म्हणायचे तेव्हा वाटायचं, लहान मूल पहिल्यांदा बोलतं आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी ओसरीवर जागा उरली नाही. दाजीसाहेब खांबाला टेकायचे सोडून सतरंज्या अंथरू लागले. भावगीतांच्या संचाला त्यांनी नको म्हणून कळवलं आणि बुवांना बाजूला घेऊन म्हणाले, “बुवा, दात सापडले तरी नवमीपर्यंत लावू नका.”

बुवा वर्तमानपत्र वाचत नसत. सकाळी पोथी, दुपारी पडणं, संध्याकाळी कीर्तन. गर्दी बघून त्यांचे डोळे भरून यायचे. मला म्हणाले, “श्रीपाद, राम बघ कसा आहे. दात नेले आणि माणसं दिली.”

मी झांजेचा गोंडा नीट करत राहिलो.

सप्तमीला हुकुमचंद आला.

मारवाडाकडून आलेला हा माणूस जत्रा-जत्रा हिंडायचा. स्टँडसमोर त्याने चादर पसरली, त्यावर आरसा ठेवला आणि आरशाच्या दोन्ही बाजूंना दात मांडले. सुटे दात, अर्ध्या कवळ्या, पुऱ्या कवळ्या. आणि गिऱ्हाईक यावं म्हणून, बिचारा, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसला.

पुढचं सांगायला नको. लोकांनी त्याला चादरीसकट उचलून चौकीवर नेलं. फौजदारांनी आधी त्याला जमावापासून वाचवायला म्हणून आत बसवलं आणि मग लोक दारातून हलेनात म्हणून गजांआड टाकलं. मी धावत छापखान्यात आलो. हा साधा दातवाला आहे, त्याच्या चादरीवरचे दात नवे कोरे आहेत, असं लिहून अण्णांपुढे ठेवलं. अण्णांनी माझा कागद उलटा ठेवला आणि फळ्यावर लिहिलं, ‘टोळीचा म्होरक्या जेरबंद?’

“अण्णा, माणूस आत आहे.”

“म्हणून तर प्रश्नचिन्ह घातलं. उद्या सुटला तर आपण म्हटलंच नव्हतं.”

“लोक प्रश्नचिन्ह वाचत नाहीत अण्णा.”

“ते त्यांनी वाचायला हवं,” अण्णा म्हणाले. मनापासून म्हणाले.

अष्टमीला सकाळी चौकीवरून बुवांना बोलावणं आलं. मुद्देमाल ओळखायचा होता. मी त्यांना सायकलवर पुढे बसवून नेलं, आणि वाटेत पहिल्यांदा त्यांना टोळीबद्दल सांगितलं. बुवा हँडल धरून ऐकत राहिले.

चौकीत टेबलावर कवळ्या ओळीने मांडल्या होत्या. एक शिपाई गरम पाण्याचं पातेलं घेऊन उभा होता. गावातली कवळीवाली मंडळीही येऊन बसली होती. स्वतःची कवळी तोंडात किंवा घरी कुलपात असताना, आपली यात आहे का ते बघायला. हेरवाडकर मास्तर एका कवळीकडे बोट दाखवून म्हणत होते, ही माझ्यासारखी वाटते. फौजदारांनी त्यांना तोंड उघडायला लावून खात्री करून दिली, तरी मास्तर पूर्ण निर्धास्त झाले नाहीत.

बुवांनी बसवून बघितल्या. एक तोंडात मावेना, एक सैल झाली. “यातली माझी नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे विकून टाकली त्याने,” फौजदार म्हणाले. गजांमागे हुकुमचंद उकिडवा बसला होता. उठला, गज धरून बुवांकडे बघत हात जोडायला गेला, पण गज मध्ये आल्यामुळे हात जुळेनात.

“महाराज,” तो म्हणाला, “मी तुमचे दात नाही घेतले. उद्या मला जिल्ह्याला नेतात. घरी कुणाला माहीत नाही मी कुठे.”

बुवांनी फौजदारांना विचारलं, याला सोडायला काय लागेल. फौजदार कंटाळलेले होते, जमावाला आणि पेपरला दोघांनाही. म्हणाले, “बुवा, कवळी आणून दाखवा, आत्ता सोडतो. नाहीतर सकाळच्या गाडीने जिल्ह्याला. दारात हे सगळे उभे आहेत, मी तरी काय करू?”

परतताना बुवा सायकलवर बसले नाहीत. चालत निघाले. चालता चालता म्हणाले, “म्हणजे माणसं रामासाठी येत नव्हती तर.”

“येताना नसतील बुवा. बसल्यावर ऐकत होती.”

“माझ्या विसराळूपणाने एक माणूस आत बसला, आणि मी त्याच्यावर देऊळ भरवलं.” एवढंच बोलून ते खोलीत गेले. दुपारी जेवले नाहीत. आम्ही पुन्हा सगळं देऊळ धुंडाळलं. तुळशीवृंदावनाची मातीसुद्धा उकरली.

पाचला देऊळ तुडुंब. फौजदार कुटुंबासह पुढे मांडी घालून बसलेले. अण्णाही आले होते, मागे, वहीपेन घेऊन. बुवा उभे राहिले. जन्म दुसऱ्या दिवशीचा, म्हणून अष्टमीचं आख्यान कौसल्येच्या डोहाळ्यांवर थांबायचं असतं. बुवांचा आवाज पडलेला होता. पण कीर्तनाचं असं आहे, की एकदा पाय तालात पडले की माणूस स्वतःचा उरत नाही. हळूहळू ते कौसल्या झाले. दासींना बाजूला सारून म्हणाले, नको गं, माझ्या बाळाची गादी मीच घालणार.

उपरणं पसरलं. दोन्ही तळहातांनी सुरकुत्या काढल्या. उशाशी हात फिरवला. मग गादी मऊ आहे का बघायला खाली वाकले, आणि वाकताना त्यांचा उजवा हात आपसूक तोंडाकडे गेला, दुखणारं काहीतरी काढावं तसा, आणि तिथून कमरेच्या रुमालाकडे, रुमालातून गादीच्या उशाशी.

तिथे हात थांबला.

मी त्यांच्या मागेच होतो. झांज वाजवायचं मीही विसरलो. पेटीवाल्याने एकच सूर धरून ठेवला. बुवांनी हाताकडे बघितलं, मग वळून शेल्याने बांधलेल्या पाळण्याकडे.

“पुजारीबुवा,” ते म्हणाले, “पाळणा सोडा.”

देवळात कुजबुज झाली. पुजारी म्हणाले, आज अष्टमी आहे. दाजीसाहेब उठून पुढे आले.

“बुवा, भान ठेवा. जन्म उद्या बाराला. आजवर कधी पाळणा आधी उघडलेला नाही.”

“दाजीसाहेब, माझे दात त्यात आहेत. पाडव्याला मीच ठेवले. गादी घालताना हिरडीला टोचत होते.”

“असू देत. उद्या बाराला निघतील.”

“उद्या सकाळी तो माणूस जिल्ह्याला जाईल.”

दाजीसाहेबांनी फौजदारांकडे बघितलं, फौजदारांनी वर छताच्या तक्तपोशीकडे. पुजारी दोऱ्यावर हात ठेवून पुटपुटत होते, बाळंतिणीच्या खोलीत डोकवायचं नसतं. सगळं देऊळ अडून बसलं होतं. देवाची रीत मोडायची कुणी?

तेवढ्यात वाती वळणाऱ्यांतून चंद्राक्का उठल्या. चंद्राक्का गावच्या सुईण. निम्मं देऊळ त्यांच्याच हातून जन्माला आलेलं, दाजीसाहेब धरून. गुडघ्यावर हात टेकून त्या म्हणाल्या, “कळा आदल्या दिवशी आल्या तर मी काय दार लावून घेते? उद्या बाराला ये म्हणते? दाजी, तू स्वतः बारा दिवस आधी आलास. सरक बाजूला.”

दाजीसाहेब सरकले.

बुवांनी डोळे मिटले. आणि मग आयुष्यात ऐकला नाही असा जन्म मी ऐकला. ना मुहूर्त, ना सुंठवडा तयार, ना फुलांच्या टोपल्या. म्हाताऱ्यांनी हातातल्या वाती उधळल्या. कापसाच्या वाती पाळण्यावर पडत होत्या, मी झांज बडवत होतो आणि बोळक्या तोंडाने बुवा सांगत होते, की कोठडीत माणूस असताना माझा राम बारा वाजायची वाट बघत नाही. शेला सुटला. उशाशी रुमाल होता. रुमालात दात होते.

बुवांनी ते सगळ्यांपुढे वर धरले. कुणी हसलं नाही. तांब्यातल्या पाण्याने धुतले, तोंडात बसवले आणि पाळणा म्हणायला सुरुवात केली, स्वच्छ, शब्दन् शब्द सुटा. पहिलं कडवं संपायच्या आत फौजदारांनी शिपायाला खूण केली. शेवटच्या कडव्याला हुकुमचंद दारात येऊन उभा होता, काखेत चादरीचं गाठोडं. बुवांनी पाळण्याची दोरी त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हे सगळं जसं घडलं तसं लिहून अण्णांपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं.

“कोण विश्वास ठेवील यावर? राम एक दिवस आधी जन्मला, पाळण्यात दात निघाले, सुईणीने अध्यक्षाला हाकललं?”

“अण्णा, तुम्ही तिथे होता.”

“मी होतो म्हणून काय झालं? आपल्या पेपरला अब्रू आहे.” असं म्हणून त्यांनी खडू घेतला. ‘सायं-तोफेचा दणका! टोळीने घाबरून कवळी पाळण्यात आणून टाकली!’ आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी प्रश्नचिन्ह घातलं नाही.

आणि गंमत अशी, की लोकांनी तेच मानलं. काल माझ्या शेजारी बसून वाती वेचणारे तलाठी मला संध्याकाळी सांगत होते, की गर्दीतून एक माणूस पाळण्यापाशी जाऊन आला ते त्यांनी स्वतः बघितलं. फार हसत होता, म्हणाले.

नवमीला बाराला राम पुन्हा जन्मला, यथासांग, सुंठवड्यासकट. बुवांनी त्यानंतर बरीच वर्षं दोन्ही जन्म केले, कारण पुढच्या वर्षी अष्टमीला लोक आपणहून वाती घेऊन आले आणि चंद्राक्कांनी पुजाऱ्याला पाळणा सोडायला लावला. आता बुवा नाहीत, अण्णा नाहीत, तोफेचा बोळ रस्ता रुंदीकरणात गेला. पण आमच्याकडे अजून राम अष्टमीला एकदा आणि नवमीला एकदा जन्मतो. कुणी सांगतं पंचांगाचा घोळ, कुणी सांगतं कुणा सत्पुरुषाचा दृष्टान्त. दातांचं कुणी सांगत नाही. एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक आहे, की अष्टमीची दोरी गावच्या माणसाने ओढायची नाही, त्या दिवशी जो कुणी परका गावात असेल त्याच्या हातात द्यायची.

गेल्या वर्षी देवळाबाहेर मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका तरुणाला आत ओढून आणलं. तो बावरला. एवढी माणसं आपल्याकडेच का बघताहेत ते त्याला कळेना. दोरी हातात घेऊन त्याने मला विचारलं, “काका, मी काय केलंय?”

“काही नाही केलंस बाबा,” मी म्हणालो. “ओढ. हळू ओढ, आत बाळ आहे.”